शिक्क्याच्या जागी

सतराशे पासष्टचा ऑक्टोबर संपत आला होता आणि ओटिलिया क्रॉइत्सरच्या छापखान्यापुढे सकाळपासून माणसांची रीघ लागली होती. एरवी आमच्या जर्मनटाऊनात कोणाला घाई म्हणून नसते. गाय हरवली तरी माणूस आधी जेवून घेतो आणि मग तिला शोधायला निघतो. पण त्या आठवड्यात सगळ्यांनाच एकदम काहीतरी छापून हवं होतं. कोणाला घोडा विकायचा होता, कोणाला जमीन. आणि पीटर झौमानं तर आपल्या बायकोच्या उधारीला आपण जबाबदार नाही असं जाहीर करायचं होतं. बायको शेजारीच उभी होती आणि मजकुरात दुरुस्त्या सुचवत होती.

कारण एकच. लंडनच्या पार्लमेंटनं ठरवून टाकलं होतं, की एक नोव्हेंबरपासून वसाहतीत जे काही छापायचं ते तिकडून शिक्का मारून आलेल्या कागदावर. वर्तमानपत्र, पंचांग, करारपत्र, इतकंच काय, पत्त्यांच्या जोडावरसुद्धा कर. जाहिरातींवर आणखी वेगळा, दर जाहिरातीमागे. आणि मजकूर इंग्रजी सोडून दुसऱ्या भाषेत, म्हणजे आमच्या जर्मनसारख्या, असेल तर दुप्पट!

"दुप्पट का, ते कोणी समजावेल का मला?" वेल्टन राब यंत्राचा दांडा ओढता ओढता म्हणाला. ओटिलियाच्या नवऱ्याबरोबर त्यानं हा छापखाना उभा केला होता, म्हणून तो तिला वहिनी म्हणायचा आणि हवं ते ऐकवायचा. "आपली भाषा शाई जास्त पिते की काय?"

"भाषा नाही पीत. तू पितोस," ओटिलिया म्हणाली. "हात चालव."

तिनं तिच्यापुरता निर्णय घेऊन टाकला होता. शिक्क्याचा कागद विकत घ्यायचा नाही. एकतीस तारखेचा अंक काढायचा आणि पत्र बंद. नवरा गेल्यावर तिनं हे साप्ताहिक एकटीनं रेटलं होतं, पण दुप्पट कर भरून ते चालवणं तिच्या बापजन्मी जमणार नव्हतं. घोड्यांच्या जाहिराती गेल्या असत्या तर तिला काडीचं वाईट वाटलं नसतं. जीव तुटत होता तो चौथ्या पानावरच्या 'शोध' या सदरासाठी.

हे सदर नवऱ्यानं सुरू केलं होतं, आणि त्यात छापायला तो कोणाकडून पै घेत नसे. जहाजाचं भाडं भरायला पैसे नसलेली आमची माणसं फिलाडेल्फियाच्या धक्क्यावर उतरत, आणि जो मालक ते भाडं चुकतं करेल त्याच्याकडे वर्षानुवर्षं राबत. आई एका गावी, बाप दुसऱ्या, पोरं तिसऱ्याच. मग सुटका झाली, की शोधाशोध. 'अमक्या जहाजावरून उतरलेली माझी बहीण कोणाला ठाऊक असल्यास छापखान्यात कळवावे.' चर्चच्या दारात, गुत्त्यात, गिरणीत हे सदर मोठ्यानं वाचलं जायचं. पुष्कळांची गाठ पडली होती त्यातून. आता ओटिलियानं फुकट छापलं असतं, तरी राजाला त्याचे पैसे हवेच होते.

दुपारी सिबिला आली. सिबिला ट्राउटवाइन, मोजे विणणारी. दर शरदात यायची. हातात लोकरीच्या मोज्यांचा जोड, कारण फुकट काही घेणं तिच्या जिवावर यायचं.

"मावशी, या वेळचे जरा जाड विणलेत. थंडी कडक पडणार म्हणतात."

"अगं, माझे पाय दोनच आहेत गं बाई! पेटी भरली मोज्यांनी."

सिबिला हसली नाही. "शेवटचा अंक म्हणतात. खरं का?"

"खरं."

"मग या वेळी नीट दिसेल असं छापाल ना? जरा वर?"

ओटिलियानं मान डोलावली आणि फळीवरून दोऱ्यानं बांधलेला एक गठ्ठा काढला. शिशाच्या टायपांचा तो मजकूर कधी मोडायचाच नाही असा तिचा नेम होता. बाकी सगळा मजकूर छापून झाला की अक्षरं सुटी करून खणांत परत जायची. सिबिलाचा तेवढा बांधून ठेवलेला असायचा, कारण तो कधी बदलत नसे. 'सिबिला ट्राउटवाइन आपला धाकटा भाऊ योस्ट याला शोधत आहे. आई समुद्रात वारली. दोघे फिलाडेल्फियाच्या धक्क्यावर वेगळे झाले. ठाऊक असल्यास छापखान्यात कळवावे.' ओटिलिया दरवर्षी दोरा सोडायची, धूळ फुंकायची, छापायची आणि पुन्हा बांधून ठेवायची. खरं सांगायचं तर तो मजकूर तिनं कित्येक वर्षांत वाचलाच नव्हता.

सिबिला कोपऱ्यातल्या बाकावर टेकली. तिला घरी जायची इच्छा नसावी. तेवढ्यात एक शेतकरी आत आला, पार भिजलेल्या डोळ्यांचा, आणि त्याच्या मागोमाग एक तरुण मुलगी.

"आभार छापायचेत," तो म्हणाला. "ही माझी लेक. तुमच्या पत्रामुळे सापडली. तिकडच्या आपल्या एका गाडीवानानं वाचून कळवलं. सात वर्षं एका इंग्रज घरी होती, नदीपलीकडे."

"देवाची कृपा!" ओटिलियाचा चेहरा फुलला. "आणि नाव काय गं बाळ तुझं?"

मुलगी गोड हसली आणि बापाकडे बघू लागली. ओटिलियानं पुन्हा विचारलं, सावकाश. मुलगी लाल झाली आणि इंग्रजीत काहीतरी पुटपुटली. वेल्टननं सांगितलं, की ती माफ करा म्हणतेय, तिला कळलं नाही.

"येईल हळूहळू," बाप घाईघाईनं म्हणाला. "दहा वर्षांची होती गेली तेव्हा. सगळं येत होतं हो तिला. गाणीसुद्धा."

ओटिलियाचा हात टायपांच्या खणावर तसाच राहिला. ही दहाची होती आणि सात वर्षांत विसरली. बापलेक बाहेर पडले, तशी ती बाकाकडे वळली.

"सिबिला, योस्ट किती वर्षांचा होता गं?"

"सहा."

"आणि त्याला नेलं कोणी?"

"काळ्या कोटातला एक माणूस. रुंद काठाची हॅट. मला दुसऱ्याच टोकाला चाकरीच्या करारावर सह्या करायला नेलं होतं, मी लांबून पाहिलं."

"तो कुठल्या भाषेत बोलत होता?"

"इंग्रजीत," सिबिला म्हणाली.

"आणि हे तू मला आज सांगतेस?"

"तुम्ही कधी विचारलंच नाहीत, मावशी."

खरंच होतं. विचारलं नव्हतं. सोळा वर्षं ती बाई आपल्या भावाला हाका मारत होती, आणि ओटिलिया मोठ्या प्रेमानं त्या हाका अशा भाषेत छापत होती, जी त्या पोरापर्यंत पोहोचणं शक्यच नव्हतं. आमच्या लोकांना हे सुचलंच नाही. आपलं माणूस म्हणजे आपल्याच भाषेत सापडणार, हे आम्ही धरूनच चाललो होतो. ओटिलियाला स्वतःचा असा संताप आला, की तिनं तो बांधलेला गठ्ठा टेबलावर आपटला.

"याला आग लागो! वेल्टन, तो इंग्रजी अक्षरांचा खण काढ."

सिबिला उभी राहिली. तिच्या लक्षात आलं होतं. "नाही. माझा योस्ट आपली भाषा विसरणार नाही. मावशी, जहाजावर रोज मी त्याला गोष्ट सांगायची. संपली की 'पुन्हा' म्हणायचा. संपली की 'पुन्हा'. डोकं उठवायचा माझं. तो कसा विसरेल?"

"आत्ताची पोरगी पाहिलीस ना?"

सिबिलानं पाहिली होती. ती खाली बसली आणि पदरासारखा अंगावरच्या शालीचा काठ तोंडात धरून रडली, आवाज न करता. ओटिलियानं तिला रडू दिलं. राजानं भाषेवरचा कर आत्ता लावला होता. त्या पोरानं तो सहाव्या वर्षीच भरून टाकला होता.

"आता नीट आठव," ओटिलिया थोड्या वेळानं म्हणाली. "त्याला आडनाव आठवणार नाही. जहाजाचं नाव तर नाहीच. त्याला काय आठवेल?"

सिबिलानं शालीनं तोंड पुसलं. "चमचा," ती म्हणाली. "आईचा लाकडी चमचा. तो सोडायचाच नाही हातातून. आणि..." तिनं मान खाली घातली. "मी त्याला म्हटलं होतं, इथेच उभा राहा, मी आलेच."

मजकूर वेल्टननं जमवला. त्याचं इंग्रजी गुत्त्यात शिकलेलं होतं आणि सुरुवातीला त्यात जरा जास्तच शिव्या येत होत्या, पण शेवटी जुळलं. टायप मात्र पुरेनात. आमच्या अक्षरांचं वळण वेगळं; तो खण नुसता अधूनमधून येणाऱ्या लॅटिन शब्दांसाठी ठेवलेला, इंग्रजीला लागणारी काही अक्षरं त्यात मोजकीच. ओटिलियानं शब्द कापले, फिरवले आणि सहा ओळींत बसवलं. प्रश्न उरला जागेचा.

जागा ठरलेली होती, पण ती दुसऱ्या कशासाठी तरी. पहिल्या पानाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात, जिथे एक तारखेपासून राजाचा शिक्का बसायचा, तिथे कोनराड आमवेगनं एक कवटी छापायला दिली होती. कवटी आणि खाली दोन हाडं. आमवेग म्हणजे गिरणीवाला, चर्चचा कारभारी आणि गावातला मोठा आवाज. अंकाला चहूबाजूंनी सुतकाची काळी चौकट आणि पहिल्या पानभर त्याचाच लेख: स्वातंत्र्याचा मृत्यू. अंकाच्या कागदाचा खर्च त्यानंच गावातून गोळा केला होता. कवटी तर मुद्दाम फिलाडेल्फियाहून कोरून आणली होती.

तो तीस तारखेला कच्ची प्रत बघायला आला. चष्मा लावला, लेख वाचला, स्वतःच्या वाक्यांना मान डोलावली. मग नजर कोपऱ्यात गेली.

"ओटिलियाबाई, माझी कवटी कुठे गेली?"

"तुमच्या खांद्यावर शाबूत आहे की, आमवेगभाऊ."

यंत्रामागून वेल्टनला ठसका लागला.

"थट्टा पुरे! हे काय आहे?" त्यानं कागदावर बोट आपटलं. "इंग्रजीत? आजच्या दिवशी, या अंकात, त्या लोकांच्या भाषेत? आपल्या भाषेवर दुप्पट कर लावून ते आपल्याला पायाखाली घेतायत, आणि तुम्ही त्यांच्यापुढे पहिल्या पानावर मान तुकवताय?"

ओटिलियाला त्याचं म्हणणं कळत होतं, हे वाईट. तिच्याही मनात तेच खदखदत होतं. इंग्रजीतली ती सहा ओळींची खिडकी तिला स्वतःलाच डोळ्यांत खुपत होती.

"भाऊ, तुमचा लेख चांगला आहे," ती म्हणाली. "पण तो वाचणार कोण? आपलाच गाव. गावाला तो आधीच पटलाय. गिरणीत तुम्ही रोज तेच तर सांगता. हा मजकूर एकाच माणसासाठी आहे, आणि त्याला आपली भाषा येत नाही."

"मग मागच्या पानावर टाका!"

"मागच्या पानावर इंग्रज कशाला बघेल? त्याच्या हातात आपलं पत्र पडणार ते पुडी बांधायला. दुकानदार रद्दी घेतात, तुम्हाला ठाऊक आहे. पुडी सोडताना एका कोपऱ्यात इंग्रजी अक्षरं दिसली तरच त्याची नजर अडकेल. मागचं पान जाहिरातींनी खच्चून भरलंय. मोकळी जागा आहे ती या कोपऱ्यातच."

"म्हणजे माझ्या लेखाची पुडी होणार?"

"सगळ्यांचीच होते, भाऊ. माझ्या नवऱ्याचीही व्हायची."

आमवेगच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यानं चष्मा काढला, घडी घातली. "कवटी परत लागली नाही, तर या गावात तुमचं पंचांग कोणी भिंतीला टांगणार नाही. मी बघतो ते."

पंचांग म्हणजे तिची हिवाळ्याची भाकरी होती. नव्या वर्षाचं तिनं शिक्क्याच्या आधीच घाईनं छापून ठेवलं होतं, मागच्या खोलीत छतापर्यंत थप्प्या होत्या. तिनं बाकाकडे पाहिलं. सिबिला तिथे नव्हती, तिला यातलं काही ठाऊकही नव्हतं, आणि ठाऊक असतं तर तीच पहिल्यांदा म्हणाली असती, की राहू द्या मावशी.

"त्या कोपऱ्यात राजाचा शिक्का बसणार होता," ओटिलिया म्हणाली. "तुम्ही म्हणता मेलेला माणूस बसवा. मी जिता बसवते. कवटी घेऊन जा तुमची."

अंक तसाच निघाला. आणि आमवेगनं जे म्हटलं ते केलं. चर्चमध्ये लोक ओटिलियाच्या बाकावर बसेनात. कोणीतरी छापखान्याच्या दारावर चिखलानं इंग्रजांच्या राजाचा मुकुट काढून ठेवला. पंचांगं पडून राहिली. पेरणीचे चंद्र आणि आजाऱ्याचं रक्त काढायचे मुहूर्त उंदीर वाचत बसले. वेल्टन लोकांच्या शेतावर लाकडं फोडायला जाऊ लागला आणि ओटिलिया दिवसभर थंड यंत्राला तेल देत बसायची. मोजे मात्र उबदार होते, हे कबूल केलं पाहिजे. सिबिला रोज डोकवायची. काही आलं का, हे ती तोंडानं विचारत नसे. दारात उभी राहायची, ओटिलिया मान हलवायची, ती जायची.

फेब्रुवारीत एका सकाळी दारात एक उंच तरुण आला. चाकं बनवणाऱ्यांच्या कातडी एप्रनमध्ये, रुंद काठाची हॅट हातात. दुसऱ्या हातात मेणाचे डाग पडलेला, चुरगळलेला कागद. तो इंग्रजीत काही म्हणाला. ओटिलियाला एकही शब्द कळला नाही आणि सगळं कळलं. तिनं एप्रन न सोडताच रस्ता ओलांडला, वेल्टनला शेजारच्या परसातून कुऱ्हाडीसकट ओढून आणलं आणि सिबिलाला निरोप धाडला.

सिबिला धावत आली आणि उंबऱ्यात थबकली. तरुणानं तिच्याकडे पाहिलं. ती पुढे होऊन बोलू लागली, भरभर, एकावर एक, सोळा वर्षांचं सगळं. तो मागे सरला. त्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. तो वेल्टनकडे वळून बोलला, आणि वेल्टननं जमिनीकडे बघत सांगितलं.

"तो म्हणतो, मेणबत्त्यांच्या पुडक्याला हा कागद होता. चमचा वाचून कळलं, की आपणच. चमचा अजून आहे म्हणतो." वेल्टननं कुऱ्हाड खाली ठेवली. "तो म्हणतो, ही म्हणाली होती इथेच उभा राहा, मी आलेच. मी उभा होतो. मालकानं उचलून गाडीत टाकलं तरी मी मागे बघत होतो. त्याला विचारायचंय, की इतकी वर्षं हिनं शोधलं का नाही? आज राजाच्या करावरून सगळीकडे आरडाओरडा सुरू झाला, तेव्हा हिला भाऊ आठवला का?"

सिबिला रागावली नाही, रडली नाही.

ओटिलियाला मात्र राग आला. तिनं कपाटातून पत्राच्या जुन्या अंकांच्या बांधण्या काढल्या, वर्षावर्षाच्या, जड, आणि एकेक टेबलावर आदळली. पहिली उघडली. शरदाचे अंक. चौथं पान.

"बघ म्हणावं."

त्यानं बघितलं. आमची काळी, जाड, कोनेरी अक्षरं. त्याला त्यातलं काही लागेना. ओटिलियानं त्याचं बोट धरलं, लहान मुलाचं धरतात तसं, आणि एका शब्दावर ठेवलं.

"योस्ट," ती म्हणाली.

तो त्या शब्दाकडे बघत राहिला. ओटिलियानं पुढची बांधणी उघडली आणि पुन्हा त्याचं बोट धरायला गेली, पण त्यानं हात सोडवून घेतला. तो स्वतःच पानं चाळू लागला. अक्षरं येत नव्हती, पण त्या शब्दाचा आकार आता त्याला माहीत झाला होता. सापडला. पुढचं वर्ष. सापडला. तोच मजकूर, त्याच जागी, तीच झिजलेली अक्षरं. पुढचं. पुढचं. तो उभ्या उभ्या एकामागून एक वर्षं उलटत गेला, आणि दर वेळी त्या शब्दाशी बोट थांबायचं. शेवटी तो काळ्या चौकटीच्या अंकाशी आला, कोपऱ्यातल्या इंग्रजीशी. ते त्यानं वाचलं नाही. त्यानं सगळ्यात पहिली बांधणी पुन्हा पुढे ओढली, बोट ठेवलं आणि मान वर न करता वेल्टनला काही म्हणाला.

"तो म्हणतो, हे वाचून दाखव. आपल्या भाषेत."

सिबिलाला कागदाची गरजच नव्हती. ती त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. "सिबिला ट्राउटवाइन आपला धाकटा भाऊ योस्ट याला शोधत आहे," ती म्हणाली. ती थांबली नाही. आई समुद्रात वारली तिथपर्यंत गेली, धक्क्यापर्यंत गेली, छापखान्यात कळवावे इथे संपवलं.

त्याला एकही शब्द कळला नसणार. तो मान खाली घालून ऐकत होता, आणि ती थांबली तरी तसाच राहिला. मग त्याचे ओठ हलले.

"पुन्हा," तो म्हणाला.

वेल्टन सवयीनं सांगायला पुढे झाला आणि तिथेच थांबला. तो शब्द आमच्याच भाषेतला होता. योस्टलाही ते कळलं नसावं, कारण तो फक्त वाट बघत होता.

सिबिलानं डोळे पुसले आणि पहिल्यापासून सुरुवात केली.